गोजराईवरची हाक

रत्नाबाई : आणि उद्या सकाळी नावेच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभं राहून चारच नावं घेणार तुमी?

शांताराम : चार पुरे.

रत्नाबाई : गोजराईला पाच खलाशी लागतात. बत्तीस वर्षं मी पहिल्या दिवशी किनाऱ्यावर नारळ घेऊन उभी राहते, बत्तीस वर्षं पाच नावं ऐकते. पाचवं काय समुद्राला देऊन टाकलं?

शांताराम : ज्याला तांडेलाचा शब्द पाळता येत नाय, त्याला हाक नाय. हा नेम माझा नाय, माझ्या बापाचा हाय. ज्याचं नाव घेतलं तो नावेवर चढला, ज्याचं नाय घेतलं तो घरी गेला. ते सूत दे इकडं.

रत्नाबाई : घ्या. आणि ते जाळं जरा हळू ओढा, त्याने तुमचं काय वाकडं केलं नाय. भावेश तुमच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा हाय.

शांताराम : नावेवर भाचा नसतो. खलाशी असतो.

रत्नाबाई : आता काय नावेवर बसलाय तुमी? दोन महिने मासेमारीला बंदी, नाव वाळूत झाकून ठेवलेली. दोन महिने त्या पोराशी एक शब्द बोलला नाय. जमिनीवर तरी भाचा हाय ना?

शांताराम : त्याला काय कमी हाय? कंपनीत जातो ना रोज.

रत्नाबाई : जातो. हेल्मेट घालून बोइसरला जातो. आणि तिथला साहेब त्याला बोललाय, पहिल्या तारखेपासून पर्मनंट ये. उद्याच बंदी उठते आणि उद्याच पहिली तारीख. त्याला आज उत्तर द्यायचंय. कळतंय का मी काय बोलते? उद्या तुमी हाक नाय मारली तर तो गेला. नवापूरचा सगळ्यात चांगला खलाशी गेटवर कार्ड दाखवत जन्म काढेल.

शांताराम : काढू दे. सावलीत तरी असेल.

रत्नाबाई : बरं. मला एक आठवण करून द्या. सोसायटीच्या धर्मेश चेअरमनला खुर्चीवरून कुणी उठवलं हो?

शांताराम : मी. दुसऱ्या कुणाची छाती होती? अकरा वर्षं मच्छीमार सोसायटीचा शिक्का त्याच्या खिशात. सभा नाय, ठराव नाय. डिझेल कुणाला ते हा ठरवणार, बर्फ कुणाला ते हा ठरवणार. मी उभा राहिलो भर सभेत आणि बोललो, एका माणसाच्या खिशात गाव मावत नाय. अख्खा मंडप टाळ्या वाजवत होता.

रत्नाबाई : पहिली टाळी माझी होती. शेजारच्या बायांना हलवून हलवून सांगत होते, हा माझा नवरा हाय. एवढा अभिमान मला लग्नात पण वाटला नव्हता. आता सांगा, धर्मेशच्या खिशात शिक्का होता, तुमच्या खिशात काय हाय?

शांताराम : ती सोसायटी, ही नाव. सोसायटीत चूक झाली तर पुढच्या महिन्यात सुधारता येते. नाव खडकावर गेली तर पुढचा महिना येतच नाय. माझ्या काकाचं काय झालं ठाऊक हाय ना?

रत्नाबाई : दर पावसाळ्यात ऐकते.

शांताराम : मग परत ऐक. वारा फिरला. बाप बोलला डावीकडे घ्या, काका बोलला उजवीकडे. दोघंही हुशार. सुकाणूवरचा माणूस ह्याच्या तोंडाकडे बघतो, त्याच्या तोंडाकडे बघतो. तेवढ्यात लाटेने नाव आडवी केली. काका परत आला नाय. त्या दिवशी बापाने शपथ घेतली, ह्या घरच्या नावेवर तोंड एकच. बाकीच्यांनी ऐकायचं. म्हणून बत्तीस वर्षं गोजराईला ओरखडा नाय. माझ्या आईचं नाव लावलंय तिला, उगाच नाय. बंदरात दुसरी अशी नाव दाखव मला.

रत्नाबाई : नाय दाखवत, कारण नायच. ते कोण नाकारतंय? मी आपल्या वैष्णवीला फोनवर सांगितलं, तुझा बाप असा अडून बसलाय. ती बोलली, आई, एकाच माणसाचं राज्य असलं की त्याला हुकूमशाही बोलतात, आमाला अभ्यासाला हाय.

शांताराम : तिला सांग, तुझ्या पुस्तकाला एक दिवस खाडीच्या तोंडातून नाव आत आणायला लाव.

रत्नाबाई : सांगितलं. अगदी असंच सांगितलं. ती बोलली, हुकूम एकाने द्यायचा तर देऊ दे, बोटीवर, बसमध्ये, दवाखान्यात सगळीकडे एकच देतो. पण बाबांना एवढंच विचार, तुमी चुकलात हे सांगायची सोय कुठं ठेवलीय?

शांताराम : फार शिकवलं आपण तिला.

रत्नाबाई : हसू दाबू नका, दिसतंय मला. लेकीने बोललं की गोड लागतं आणि भाच्याने बोललं की गुन्हा. आता नीट बसा. मी बोलावलंय त्याला. तो बघा, कुंपणाशी आलाच.

(भावेश अंगणात येतो. काखेत कंपनीचं पिवळं हेल्मेट.)

भावेश : मामी, मी बसत नाय. सेकंड शिफ्ट हाय माझी. मामा, कसे हाय?

शांताराम : रत्ना, सांग त्याला, बरा हाय.

रत्नाबाई : मी काय टपाल हाय? तो बहिरा नाय, तुमी मुके नाय. बोल रे तू. कशाला आलास ते सरळ बोल.

भावेश : एकच विचारायला आलो. उद्या मला हाक हाय का नाय? नसेल तर नाय बोला मामा. पाच वाजता साहेबाला सांगायचंय. मी रुसणार नाय. फक्त उद्या सकाळी किनाऱ्यावर सगळ्यांसमोर उभं राहून चार नावं ऐकायची आणि परत फिरायचं, तेवढं मला नाय जमणार.

शांताराम : मे महिन्यात, शेवटच्या खेपेला, तू काय केलंस?

भावेश : ओरडलो.

शांताराम : काय ओरडलास?

भावेश : मामा, चुकलात. वळवा.

शांताराम : म्हणजे दोन गुन्हे. तांडेलावर तोंड टाकलंस, आणि नावेवर मला मामा बोललास.

भावेश : ते तोंडातून निघालं. आणि तिसरा पण हाय. अंकुशच्या हातातून सुकाणू ओढून घेतलं.

शांताराम : बिचारा अंकुश. जव्हारवरून कामाला आलेला माणूस, घरी डोंगरात भात लावतो, समुद्रावर त्याचं पहिलं वर्ष. माझा शब्द पाळून सरळ नाव आणत होता.

भावेश : सरळ खडकावर आणत होता, मामा.

शांताराम : हो. खडकावर.

रत्नाबाई : काय बोललात?

शांताराम : खडकावर. तुला काय वाटलं, दोन महिने मी रोज छत्री घेऊन किनाऱ्यावर काय करत होतो?

रत्नाबाई : मला वाटलं माझ्या बडबडीला कंटाळून जाता.

शांताराम : ते पण होतंच. पण मी बघत होतो. खाडीत शिरायची आमची खूण एकच. महालक्ष्मीच्या डोंगराचं टोक कारखान्याच्या चिमणीवर बसलं की आत वळायचं. जरा इकडे तिकडे झालं की खडक. बापाच्या वेळी चिमणीच्या जागी ताड होता. ताड पडला तेव्हा मी चिमणी धरली. तर एक दिवस पावसाने उघडीप दिली आणि बघतो तर चिमण्या दोन. जुनी बुटकी, आणि बाजूला नवी, उंच, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. लांबून उंच असते तीच डोळ्यात भरते. मी डोंगर नव्या चिमणीवर बसवला होता.

भावेश : म्हणजे मी बरोबर होतो हे तुमाला ठाऊक होतं.

शांताराम : पंधरा जूनपासून.

भावेश : आणि तरी हाक नाय?

शांताराम : चूक माझी, ओरडणं तुझं. तांडेल चुकला म्हणून नेम मोडत नाय. आणि बत्तीस वर्षांत एकदा चुकलो. एकदाच. ती चिमणी पण त्याच आठवड्यात उभी राहिली असणार, कुणीही फसला असता.

भावेश : त्या आठवड्यात नाय, मामा.

शांताराम : मग कधी?

भावेश : जाऊ दे ना.

शांताराम : मी विचारलं कधी.

भावेश : दिवाळीला. मी तिच्या बाजूच्याच प्लांटमध्ये हाय आता. रोज तिच्याखालून जातो. तारीख लिहिलीय तिच्यावर.

शांताराम : खोटं. दिवाळी ते मे सात महिने होतात. सात महिने मी हीच नाव ह्याच खुणेवर आत आणली. थंडीत आणली, धुरकट हवेत आणली. चिमणी दिवाळीला आली असती तर गोजराई दिवाळीलाच फुटली असती. एकदा तरी खडकाला लागली का ती?

भावेश : नाय लागली.

शांताराम : मग? कुणी आणली ती आत?

रत्नाबाई : सांगून टाक रे बाबा. मला पण आता ओझं झालंय.

शांताराम : तुला कसलं ओझं?

भावेश : मामा, सुकाणूवर देवूकाका असायचा. तुमी पुढं नाळेवर, आमच्याकडे पाठ. तुमी हात वर करून बोलायचात, सरळ. देवूकाका पण मोठ्याने बोलायचा, सरळ. आणि जुनी चिमणी बघून हळूच उजवीकडे दाबायचा. मी त्या जीपीएसच्या डब्यावर तुमी नको बोलून टाकलेला टॉवेल थोडा उचलून बघायचो. नाव नीट वाटेला लागली की देवूकाका खोकायचा. मग आमी जाळी आवरायला घ्यायचो.

शांताराम : देवूचा खोकला?

भावेश : हां.

शांताराम : मी त्याला त्या खोकल्यासाठी बोइसरच्या डॉक्टरकडे पाठवलं. दोनदा. घरचा मध काढून दिला.

रत्नाबाई : त्याची बायको बोलली, मध फार चांगला होता.

शांताराम : तुला पण ठाऊक होतं?

रत्नाबाई : मासळी बाजारात सगळ्या बायांना ठाऊक होतं. कुणी खोकलं की आमी हसायचो.

भावेश : शेवटच्या खेपेला देवूकाका तापाने घरी होता. अंकुश नवा, त्याला कुणी काय सांगितलं नव्हतं. तुमी सरळ बोललात आणि तो खरंच सरळ गेला. मी मागे होतो. पाणी पांढरं दिसलं तेव्हा खोकून भागणार नव्हतं.

शांताराम : सात महिने. सात महिने तुमी सगळ्यांनी मिळून मला येडा बनवलात.

भावेश : येडा नाय. तुमचा शब्द राखला. बंदरात लोक बोट दाखवतात, ती गोजराई, शांताराम तांडेलाची, तिला ओरखडा नाय. तेव्हा आमी पण ताठ चालतो. आपल्या नावेवरचा शिवाजी तर सासऱ्याला पण तेच सांगतो. तुमची मान खाली गेली असती तर आमची पण गेली असती.

शांताराम : मग घरी येऊन सांगायचं. इथं अंगणात. इथं तर मी मामा हाय ना?

भावेश : आलो होतो. होळीच्या दुसऱ्या दिवशी. मी एवढंच बोललो, मामा, ती खाडीची खूण. तुमी बोललात, आता तू मला खूण शिकवणार? मग मी पाणी पिऊन गेलो.

शांताराम : मला आठवत नाय.

रत्नाबाई : मला आठवतं. पाणी मीच दिलं होतं.

शांताराम : एवढी लाल-पांढरी चिमणी. उघड्या हवेत लहान मुलाला दिसेल. मला दिसली कशी नाय? माझी नजर चांगली हाय, मार्चमध्ये तपासली.

रत्नाबाई : नजरेचा काय दोष?

शांताराम : नाय. मी बघितलंच नाय. ताड पडला तेव्हा मी नवा होतो, रोज घाबरून बघायचो. नंतर कुणी कधी चूक काढली नाय, आणि माझं बघणं सुटलं. मला ठाऊकच होतं ना सगळं. रत्ना, तुला एक कधी सांगितलं नाय. त्या सभेनंतर धर्मेश माझ्याकडे आला होता. एकटाच. बोलला, शांताराम, अकरा वर्षांत मला एक माणूस बोलला नाय की चुकतोयस. आणि मी त्याच्या तोंडावर हसलो. बोललो, बोलेल कोण? सगळ्यांना तुझ्याकडून डिझेल पाहिजे.

रत्नाबाई : आणि तुमच्याकडून सगळ्यांना हाक पाहिजे.

शांताराम : हां. तेच बोलतोय मी. भावेश, ते हेल्मेट खाली ठेव जरा.

भावेश : शिफ्ट हाय मामा.

शांताराम : ठेव. त्या दिवशी ओरडलास तेव्हा तुला ठाऊक होतं, हाक जाणार?

भावेश : होतं.

शांताराम : सोळा वर्षांचं काम जाणार, हे ठाऊक होतं?

भावेश : नावेत पाच माणसं होती मामा. पाच घरं. विचार करायला कुठं वेळ होता?

शांताराम : ऐकलंस रत्ना? पंधरा वर्षांचा होता, बहिणीने हाताला धरून आणला. लाट दिसली की डोळे मिटायचा. आज सांग तुझ्या मासळी बाजारात, खोकल्याचं सांगितलंस तसं हे पण सांग. बत्तीस वर्षांत शांताराम तांडेलाला त्याच्या नावेवर तोंडावर चुकलात बोलणारा एकच माणूस निघाला, आणि तो त्याने स्वतः तयार केलेला हाय. त्या दिवशीच माझी छाती भरली होती. पण राग पण तिथंच भरला होता, मग काय बोलू कळेना.

रत्नाबाई : दोन महिने लागले तुमाला हे बोलायला. बरं, म्हणजे उद्या पाच नावं?

शांताराम : पाच. पण मी नाय घेणार. हा घेणार.

भावेश : नाय मामा. मी हाक मागायला आलो, नाव मागायला नाय आलो.

शांताराम : मग जा कंपनीत. तिथं पण साहेब एकटाच बोलतो ना?

भावेश : तिथं सूचनापेटी हाय. काय चुकतंय वाटलं तर चिठ्ठी लिहून टाकायची.

रत्नाबाई : उघडतं का कोण ती?

भावेश : मी दोन महिन्यांत नाय बघितलं.

शांताराम : बघ. विचार कर. तू घे, नाय तर मी देवूला देतो, आणि तो खोकून खोकून नाव चालवेल.

भावेश : घेतली तर माझी अट हाय. खडक दिसला तर ज्याला दिसला त्याने ओरडायचं. अंकुशने पण. त्याची हाक जाणार नाय. आणि त्या डब्यावरचा टॉवेल काढायचा.

शांताराम : आणि सगळेच ओरडले तर? एक डावीकडे, एक उजवीकडे? माझ्या काकाला विसरू नको.

भावेश : ओरडायचं सगळ्यांनी. वळवायचं मी एकट्याने. पण संध्याकाळी किनाऱ्यावर आलो की कुणीही मला विचारायचं, का वळवलं? आणि मी उत्तर द्यायचं.

शांताराम : उत्तर नाय जमलं तर?

भावेश : एकदा नाय जमलं तर शिकेन. परत परत नाय जमलं तर पुढच्या वर्षी हाक दुसऱ्याने मारायची.

शांताराम : हे मी सोसायटीच्या सभेत बोललो होतो. जवळजवळ असंच.

रत्नाबाई : मग टाळी कुणी वाजवायची? आज पण मीच?

शांताराम : नंतर वाजव. भावेश, त्या ओट्यावर उभा राहा. ती नाळ समज. घे नावं.

भावेश : आता? मामी हसेल.

रत्नाबाई : मी नाय हसत. थांब, आधी साहेबाला फोन लाव.

भावेश : लावतो ना, पाच वाजता.

शांताराम : आधी नावं.

भावेश : देवूकाका!

शांताराम : नावेवर काका नाय. आणि आवाज काय तो? तो बाजूच्या घरी झोपलाय, त्याला इथून ऐकू गेलं पाहिजे.

भावेश : देवू! शिवाजी! बबलू! अंकुश!

रत्नाबाई : चारच झाली.

भावेश : पाचवा मीच होतो ना, मामी.

शांताराम : आता पाचवा मी.

भावेश : तुमी कशाला? तुमी नुसते पुढं बसा. तुमची जागा हाय ती.

शांताराम : एका नावेवर दोन तांडेल नसतात. मला जाळी ओढता येतात अजून. आणि खडक दिसला तर ओरडता पण येईल. घे नाव.

भावेश : मामा...

शांताराम : दुसऱ्यांदा तोच गुन्हा करू नको.

भावेश : नाय निघत तोंडातून.

रत्नाबाई : घे रे. लग्न झाल्यापासून मी कधी घेतलं नाय ते नाव, तू तरी मोठ्याने घे. बंदरापर्यंत गेलं पाहिजे.

भावेश : शांताराम!

शांताराम : आलो, तांडेल.